राजांगणाच्या पलीकडे नेट जात नव्हतं

फोंडा तालुक्यात, म्हार्दोळच्या आसपासच्या एका वाड्यावर हे घर आहे. पुढे वसरी, मध्ये राजांगण म्हणजे आतलं उघडं अंगण, राजांगणात तुळस, चारी अंगांना खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून नंतर वाढवलेल्या दोन खोल्या. भिंती चिऱ्यांच्या; जुन्या भागात खिडकीच्या कोनाड्यात माणूस मांडी घालून बसेल इतक्या जाड. तीन भावांची बिऱ्हाडं, चुली दोन, विहीर एक आणि इंटरनेटचं कनेक्शनही एकच. हे प्रकरण त्या कनेक्शनचं.

मी फोंड्यात संगणक आणि नेटवर्कची कामं करतो, वीसेक वर्षं झाली. असली घरं पुष्कळ पाहिली. तरी हेच लिहायला घेतलं, कारण यात मी एकदा सपशेल चुकलो, आणि बिघाड सापडला तो कुठल्या यंत्रामुळे नाही, करंट गेला म्हणून सापडला. (बोलणं सगळं कोंकणीत झालं. लिहायला बसलं की आमचा हात मराठीकडे वळतो, म्हणून इथे ते मराठीत.)

कनेक्शन थोरल्यांच्या नावावर. ते माझे शाळेतले सर, मराठी शिकवायचे. आता निवृत्त आहेत आणि गावच्या देवस्थानाची जुनी टिपणं संगणकावर उतरवून घेतात. मधले भाऊ कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचे हिशेब पाहतात. जीएसटीचं बरंचसं काम रात्री घरून होतं. त्यांची मुलगी फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकते. धाकटे हयात नाहीत. धाकट्या वहिनी मिस्कूट आणि इतर लोणची घालून विकतात, मागण्या लॅपटॉपवर घेतात. त्यांचा मुलगा बंगळुरूच्या एका कंपनीचं काम मागच्या खोलीत बसून करतो. म्हणजे पाच संगणक, एक प्रिंटर, दहा-बारा फोन आणि आजींचा टीव्ही. आजींना सकाळची आरती टीव्हीवर लागते, आणि ती चुकली तर दिवसभर सगळ्या घराला त्याचा हिशेब द्यावा लागतो.

तक्रार आषाढात सुरू झाली. दर दोन-तीन दिवसांनी कुणा ना कुणाचा संगणक म्हणायचा, जोडलेला आहे पण इंटरनेट नाही. बंद करून चालू केला की कधी चालायचा, कधी नाही. कधी फक्त सरांचा, कधी फक्त वहिनींचा, कधी दोन्ही, आणि त्याच वेळी वसरीत बसलेल्यांच्या फोनवर नेट धो धो. एका महिन्याच्या २० तारखेला, म्हणजे नेमकं जीएसटीचं ३बी विवरणपत्र भरायच्या शेवटच्या दिवशी, भाऊंचा संगणक रात्री नऊला रुसला. त्यांनी विवरणपत्र भरलं ते मोबाइलचा हॉटस्पॉट लावून, आणि सकाळी आठला मला फोन केला.

घरातल्या प्रत्येकाचं निदान तयार होतं. सरांच्या मते पावसाने केबल कुजली. भाऊंच्या मते कंपनी संध्याकाळी वेग कमी करते. वहिनींच्या मते शेजारचा पोरगा फुकट वापरतो. वहिनींचा मुलगा, म्हणजे सरांचा पुतण्या, म्हणाला, "दादा, माझा लॅपटॉप एक दिवस पण बंद पडला नाही. प्रॉब्लेम पुढच्या बाजूला आहे." हे त्याचं वाक्य मी तेव्हा नीट ऐकायला हवं होतं.

वसरीतला डबा

फायबर घरात येते ती वसरीच्या वाशावरून. तिथेच भिंतीवर कंपनीने लावलेला डबा आहे. लोक त्याला मोडेम म्हणतात, राउटर म्हणतात, बॉक्स म्हणतात; तो एकटा तीन-चार कामं करतो. काचेच्या तंतूतून आलेल्या प्रकाशाचं विजेच्या संकेतात रूपांतर करतो, घरातल्या यंत्रांना पत्ते वाटतो, त्या सगळ्यांच्या वतीने बाहेर एकाच पत्त्याने बोलतो, आणि वर वायफायही देतो. ही कामं वेगवेगळी आहेत हे विसरलं की पुढचा सगळा गोंधळ सुरू होतो.

कंपनीचा माणूस तीनदा येऊन गेला होता. तिन्ही वेळा त्याने प्रकाशाची पातळी मोजली, उणे २१ डीबीएमच्या आसपास आली, म्हणजे चांगली. मग डब्याखाली उभं राहून स्वतःच्या फोनवर वेग तपासला, सेकंदाला १०० मेगाबिटपैकी ९६ आले, आणि तो गेला. घरचे त्याच्यावर चिडले होते. मला विचाराल तर त्याचं काही चुकलं नाही. नेट घरापर्यंत आणून देणं त्याचं काम, ते येत होतं. घरात ते पाच जणांत वाटायचं कसं, हे त्याच्या कामात बसत नाही आणि त्यासाठी त्याला पगारही मिळत नाही.

डब्यातून एक केबल मधल्या खोलीतल्या आठ पोर्टच्या स्विचला (घरातल्या केबली एकमेकींना जोडणारी पेटी) जाते. सरांचा, भाऊंचा आणि मुलीचा संगणक त्या स्विचला, प्रिंटरही तिथेच. स्विचमधून आणखी एक केबल राजांगणाच्या कडेकडेने, पागोळ्यांखालून, मागच्या खोलीत जाते. तिथे पुतण्याने आणलेला एक छोटा राउटर.

तो का आणला हे उघड आहे. वसरीतलं वायफाय मागे पोचत नव्हतं. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची, ५ गिगाहर्ट्झची त्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि लहर जितकी आखूड तितकी ती भिंतीत लवकर दमते. त्यात चिरा सच्छिद्र दगड. वैशाखात कोरडा असतो तेव्हा थोडंफार पलीकडे जाऊ देतो. आषाढात पाणी पिऊन बसला की नाही. वसरीपासून मागच्या खोलीपर्यंत अशा चार भिंती. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये एका राउटरवर भागतं म्हणून इथे भागेल असं समजू नये. तिथल्या आतल्या भिंती चार-सहा इंचांच्या.

माझी चूक

पहिल्या भेटीत मी सरळ राजांगणातल्या केबलकडे गेलो. अनुभव माणसाला हुशार करतो आणि आंधळाही करतो. पावसाळा, उघड्यावरची केबल, अधूनमधून बंद पडणं, हे तिन्ही एकत्र दिसले की माझा हात आपोआप क्रिम्पिंग टूलकडे, म्हणजे केबलला कनेक्टर दाबून बसवायच्या पकडीकडे, जातो.

आणि केबल खरोखरच खराब निघाली. मागच्या टोकाचा कनेक्टर काढला तर आतल्या तांब्यावर हिरवी बुरशी चढावी तसा थर. चाचणीयंत्र लावलं, पहिले सहा दिवे लागले, सातवा-आठवा नाही. म्हणजे तपकिरी जोडी मेलेली. आत आठ तारा, चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला नारिंगी आणि हिरवी अशा दोनच जोड्या पुरतात; हजाराला चारही लागतात. बाकीच्या दोनांपैकी एक जोडी गेली की दोन्ही टोकांची यंत्रं आपसांत ठरवून १०० वर उतरतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. मी सहा इंच केबल कापून टाकली, पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी असा क्रम लावून नवा कनेक्टर दाबला. राउटरवरचा दिवा रंग बदलून हजारावर आला. वहिनींनी चहा आणि फणसाचे तळलेले गरे दिले. मी पैसे घेऊन निघालो.

तिसऱ्या दिवशी सरांचा फोन. "अरे, परत गेलं."

गाडीवर बसता बसता माझ्या लक्षात आलं की मी काय वेडेपणा केला होता. कनेक्शनच १०० चं. केबल १०० वर अडकली काय आणि हजारावर चढली काय, नेटवर त्याचा फरक जाणवणारच नव्हता. शिवाय ती केबल मागच्या खोलीची. सरांचा संगणक त्या केबलवर नव्हताच! मला एक बिघाड सापडला, तो खरा होता, आणि तक्रारीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. या धंद्यातला सगळ्यात फसवा प्रकार हाच. काहीच सापडलं नाही तर माणूस शोधत राहतो. भलतंच सापडलं की थांबतो.

करंट गेला

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा सगळं नीट चालू होतं. पाचही संगणक, टीव्ही, प्रिंटर. मी स्विच तपासला, लिंकचे दिवे पाहिले, सरांच्या संगणकावरून डब्याला पिंग लावून ठेवलं, म्हणजे सतत हाक मारायची आणि उत्तर किती वेळात येतं ते पाहायचं. एक मिलिसेकंद, एक मिलिसेकंद, एक मिलिसेकंद. एवढ्यात बाहेर गडगडलं आणि करंट गेला.

वीसेक मिनिटांनी आला. मी मधल्या खोलीतच होतो, तिथून राजांगणापलीकडे मागच्या खोलीचं दार उघडं दिसत होतं. छोट्या राउटरचे दिवे अर्ध्या-पाऊण मिनिटात लागून स्थिर झाले. वसरीत जाऊन पाहिलं तर मोठा डबा अजून चाचपडत होता. फायबरचा दिवा लुकलुकत होता. त्याला पूर्ण जागा व्हायला अडीच मिनिटं लागली. तेवढ्यात सरांनी संगणक चालू केलेला, भाऊंचा तर करंट आला की आपोआप चालू होतो.

"बघ, गेलं," सर म्हणाले.

मी काळी खिडकी उघडून आयपीकॉन्फिग, ही संगणकाचा पत्ता दाखवणारी आज्ञा, टाइप केली. संगणकाचा पत्ता १९२.१६८.०.१०४. गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार, १९२.१६८.०.१.

वसरीतल्या डब्याचा पत्ता १९२.१६८.१.१. तो वाटतो ते सगळे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होतात. मग हा शून्य कुठून आला? ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ टाकलं. मागच्या खोलीतल्या छोट्या राउटरचं लॉगिनचं पान समोर आलं.

राजांगणाच्या पलीकडचा राउटर अलीकडच्या संगणकाला पत्ता देत होता. पलीकडे नेट जात नाही म्हणून त्याला आणला होता, आणि अलीकडचं नेट तो बंद करत होता.

पत्ते कोण वाटतं

इथे थोडं मागे जातो. ज्यांना हे ठाऊक आहे त्यांनी खुशाल पुढे जावं.

इंटरनेटच्या जुन्या, चौथ्या आवृत्तीत सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते. जगातल्या प्रत्येक यंत्राला एक द्यायचा म्हटलं तर पुरणार नाहीत हे १९९० च्या दशकातच कळून चुकलं होतं. फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजाने तीन पट्टे खासगी वापरासाठी राखून ठेवले: १० ने सुरू होणारा, १७२.१६ ते १७२.३१ चा, आणि १९२.१६८ चा. हे पत्ते घरात, कचेरीत कुणीही वापरावेत. बाहेरच्या इंटरनेटवर ते चालत नाहीत. त्यामुळे म्हार्दोळच्या घरात १९२.१६८.१.१ आहे आणि मडगावच्या घरातही तोच असला तरी भांडण होत नाही. घराच्या दाराशी एक यंत्र बसतं, आतून आलेलं प्रत्येक संभाषण एका वहीत नोंदतं, त्यावर स्वतःचा पत्ता आणि एक क्रमांक टाकून बाहेर पाठवतं, आणि उत्तर आलं की क्रमांक पाहून ज्याचं त्याला देतं. एका कनेक्शनवर पाच संगणक चालतात ते या वहीच्या जोरावर.

आधी हे काम संगणकच करायचा. १९९९ मध्ये विंडोज ९८ ची दुसरी आवृत्ती आली, तिच्यात कनेक्शन वाटून घ्यायची सोय होती. मोडेम ज्याला जोडलेला, तो संगणक स्वतःला १९२.१६८.०.१ म्हणवून घ्यायचा आणि बाकीचे त्याच्यामार्फत बाहेर जायचे. माझं सुरुवातीचं एक काम असंच होतं: दोन भाऊ, दोन संगणक, मध्ये क्रॉस केबल, ५६ के चा मोडेम आणि टेलिफोनची तार. थोरल्याने संगणक बंद केला की धाकट्याचं नेट जायचं, आणि थोरला तो मुद्दाम बंद करायचा. राउटर आले तेव्हा त्या घरातलं अर्धं भांडण मिटलं.

आता पत्ते वाटण्याचं. नवं यंत्र नेटवर्कला जोडलं की ते ओरडून विचारतं, मला कुणी पत्ता देईल का? हा पुकारा स्विचला जोडलेल्या प्रत्येकाला ऐकू जातो. डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायची सोय, ज्याच्यावर चालू असेल तो उत्तर देतो: हा घे पत्ता, इतका वेळ तुझा, आणि बाहेर जायचं तर या दारातून जा. दोघांनी उत्तर दिलं तर यंत्र बहुधा आधी आलेलं धरतं. कोण खरा, कोण खोटा हे कळायचा त्याच्याकडे मार्गच नाही.

या घरात उत्तर देणारे दोघे होते, आणि छोट्याने दाखवलेलं दार भिंतीत काढलेल्या चित्रासारखं होतं. त्याच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरचं नेट आत घ्यायच्या भोकात, काहीच खोचलेलं नव्हतं, त्यामुळे त्याच्यामार्फत बाहेर जायला वाटच नाही. करंट जाऊन आला की छोटा आधी जागा व्हायचा आणि स्विचवरच्या सगळ्यांना पत्ते वाटून मोकळा व्हायचा. एखादा संगणक आपला जुना, बरोबर पत्ता मागायला गेला तरी छोटा त्याला सांगायचा की हा पत्ता इथला नाही. वसरीतले फोन मात्र थेट मोठ्या डब्याच्या वायफायवर, त्यांना उत्तर बहुधा त्याच्याकडूनच मिळायचं. म्हणून कंपनीच्या माणसाच्या फोनवर तिन्ही वेळा ९६ आले. आणि करंट न जाताही मुदत संपलेलं, झोपेतून उठलेलं एखादं यंत्र नव्याने पुकारा करायचं आणि चुकीच्या हाती लागायचं. त्यामुळे रोज नाही, दोन-तीन दिवसांनी, आणि दर वेळी वेगळ्याच कुणाची पाळी.

हे मी घरच्यांना समजावत होतो तेव्हा धाकट्या वहिनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे चवथीला पाहुण्यांना खोल्या दोघींनी सांगाव्यात तसं. एक म्हणते माडीवर जा, दुसरी म्हणते मागच्या खोलीत. आणि मागच्या खोलीत चादर ना उशी." यापेक्षा चांगलं मला आजवर सांगता आलेलं नाही. हल्ली गिऱ्हाइकांना मी हेच सांगतो.

पुतण्याची बाजू

पोराला कुणी बोलू नये म्हणून त्याची बाजू नीट मांडतो. त्याने पहिल्या दिवशी राउटर अगदी खोक्यावरच्या चित्राप्रमाणे जोडला होता. राजांगणातून आलेली केबल निळ्या वॅन पोर्टात. नेट लगेच चाललं. पण मागच्या खोलीत आता वेगळंच नेटवर्क तयार झालं, एका घरात दुसरं घर, आणि त्यातून पुढचा प्रिंटर यादीत दिसेना. वहिनींना मालाच्या चिठ्ठ्या छापायच्या. त्याने शोधाशोध केली, कुठेतरी सांगितलेलं सापडलं की केबल वॅनमधून काढून लॅनमध्ये, म्हणजे घरातल्या यंत्रांसाठीच्या पोर्टात, घाला, मग सगळं एकच नेटवर्क होतं. हे खरंच आहे. पण तो अर्धाच सल्ला. उरलेला अर्धा असा की त्याआधी त्या राउटरचं पत्ते वाटणं बंद करा.

लॅनमध्ये केबल घातल्यावर प्रिंटर दिसला, त्याच्या लॅपटॉपचं नेट मात्र गेलं. मग त्याने लॅपटॉपवर पत्ता हाताने भरला, १९२.१६८.१.५०, गेटवे १९२.१६८.१.१. चाललं. आणि म्हणूनच त्याचा लॅपटॉप "एक दिवस पण बंद पडला नाही." पत्ता मागायच्या रांगेत तो उभाच राहत नव्हता. ज्याच्या यंत्रामुळे घराचं नेट जात होतं त्याचं तेवढं कधीच जात नव्हतं, आणि तो खोटंही बोलत नव्हता.

यात आजींच्या आरतीचाही उलगडा झाला. मोठा डबा २ पासून २५४ पर्यंत कुठलाही पत्ता वाटायचा, ५० सुद्धा. पुतण्याचा लॅपटॉप रात्री बंद असताना पहाटे टीव्हीला नेमका ५० मिळायचा. साडेनऊला पोरगा कामाला बसला की एकाच पत्त्याची दोन यंत्रं, आणि टीव्ही थिजायचा. आजींना इतकंच ठाऊक की नातू उठला की देव थांबतो.

काय केलं

पर्याय तीन-चार होते. केबल परत वॅनमध्ये घालायची तर प्रिंटर पुन्हा हरवणार. रिपीटर लावला तर त्यालाही त्याच चार भिंतींतून ऐकायचं आणि त्याच हवेत पुन्हा बोलायचं, म्हणजे वेग निम्मा. मेश नावाने जे मिळतं, घरभर ठेवायचे एकमेकांशी बोलणारे राउटर, ते चांगलं असतं, पण ओल्या चिऱ्यापुढे तेही बिनतारी चालत नाही, त्याला मागून केबल द्यावीच लागते. आणि केबल द्यायचीच तर घरात असलेला राउटर काय वाईट आहे? भाऊंना मेश घ्यायचंच होतं, त्यांच्या साहेबांकडे आहे म्हणून. मी घेऊ दिलं नाही.

छोटा राउटर केबलवरून काढून एकट्या लॅपटॉपला जोडला. त्याचं डीएचसीपी बंद केलं. त्याचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला, नाहीतर उद्या त्याच्या सेटिंगमध्ये शिरायचं तर सापडायचा नाही. वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवला, म्हणजे फोन घेऊन माणूस वसरीतून मागे गेला तरी वेगळं काही निवडावं लागू नये, २.४ वर पुढे चॅनल १ आणि मागे ११, एकमेकांवर ओरडू नयेत म्हणून. मग केबल परत लॅन पोर्टात घातली आणि वॅन पोर्टावर काळी टेप लावली. आता तो राउटर राहिला नाही, नुसता ॲक्सेस पॉइंट, म्हणजे फक्त वायफाय देणारा, झाला. सगळं मिळून वीस मिनिटांचं काम.

मोठ्या डब्यात वाटपाचा पट्टा १०० ते २०० इतका आवळला. त्याखालचे पत्ते हाताने द्यायला मोकळे: प्रिंटर १०, टीव्ही २०. पुतण्याच्या लॅपटॉपवरचा हाताने भरलेला पत्ता काढून टाकला. डब्याचा पासवर्ड अजून कारखान्यातून आला तोच होता, तोही बदलला. शेजारच्या पोराबद्दल वहिनींना शंका होती म्हणून जोडलेल्या यंत्रांची यादी सगळ्यांसमोर मोजली. परकं कुणी नव्हतं. वहिनींचा चेहरा थोडा पडला.

राजांगणातली केबल मी आपणहून बदलली, पहिल्या भेटीचे पैसे डोक्यात सलत होते म्हणून. कॅट ६ ची चाळीस मीटर, पीव्हीसी पाइपातून, पागोळ्यांच्या आतल्या बाजूने. भोकातून आत शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ दिला. पाणी तारेवरून वाहत येतं, झोळाच्या तळाशी ठिबकतं आणि खोलीत येत नाही. जुन्या केबलला तो झोळ नव्हता, थेंब सरळ कनेक्टरात जायचे. हिरवा थर तिथून आला.

डब्याला, स्विचला आणि ॲक्सेस पॉइंटला छोटे यूपीएस लावले. करंट गेला तरी दोन-तीन तास नेट राहतं, आणि कोण आधी जागा होतो हा प्रश्नच उरत नाही. गडगडाट सुरू झाला की प्लग काढायचे हे मात्र बजावून सांगितलं. फायबरची काच वीज वाहून आणत नाही, टेलिफोनच्या तांब्याच्या तारेच्या दिवसांसारखे मे महिन्यात मोडेम जळत नाहीत, पण विजेची तार अजून तांब्या-ॲल्युमिनियमचीच आहे. सगळा खर्च माझी मजुरी सोडून पाच हजारांच्या आत बसला.

एक गोष्ट जमली नाही. सरांच्या मुंबईतल्या मुलीला घरातला कॅमेरा थेट पाहायचा होता, बाहेरून घराच्या पत्त्यावर येऊन. डब्यात पाहिलं तर कंपनीने घराला दिलेला पत्ताच १०० ने सुरू होणारा, १००.६४ ते १००.१२७ च्या पट्ट्यातला. हा पट्टा २०१२ मध्ये खास इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांसाठी राखला गेला. कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटते. म्हणजे घरात जशी वाटणी तशीच त्याच्या वर आणखी एक वाटणी. वेगळा स्थिर पत्ता विकत घ्यावा लागेल म्हटल्यावर सर म्हणाले, "तिला म्हणावं, घर बघायचं असेल तर घरी ये."

चवथ

काम झालं ते चवथीच्या आठ दिवस आधी. खरी परीक्षा चवथीलाच होती. मुंबईहून, पुण्याहून, वास्कोहून माणसं आली, घरात सत्तावीस जण, फोन त्याहून जास्त. पाहुण्यांसाठी मोठ्या डब्यावर वेगळ्या नावाचं वायफाय काढून दिलं होतं, वसरीपुरतं. त्यातून नेट मिळतं, घरातले संगणक दिसत नाहीत. माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळांच्या छताखाली, उभं राहून प्रत्येक जण गणपतीचे व्हिडिओ चढवत होता, आणि पुतण्याची मीटिंग त्यामुळे तुटत होती. नेट खाली यायला वाट रुंद असली तरी वर जायची वाट भरली की पोच-पावत्याही तिथेच अडकतात आणि सगळंच रखडतं. त्यावर मी काही केलं नाही. वहिनींनी मुलाला लॅपटॉप मिटायला लावला आणि आरतीला उभं केलं.

पहिल्याच संध्याकाळी दोनदा करंट गेला. दुसऱ्या दिवशी मी दर्शनाला गेलो तेव्हा आधी सरांच्या संगणकावर आयपीकॉन्फिग पाहिलं, मग गणपतीला नमस्कार केला. १९२.१६८.१.१०७. आजींचा टीव्ही २० वर.

निघताना मी मधल्या खोलीतल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवून आलो होतो: कुठल्या यंत्राला कुठला पत्ता, कुठली केबल कुठल्या पोर्टात, मागच्या राउटरचं काय बंद केलंय आणि ते का चालू करू नये. दिवाळीआधी एका कामासाठी पुन्हा गेलो तेव्हा कागद तिथेच होता. फक्त मी सगळीकडे 'राऊटर' लिहिलं होतं, सरांनी लाल पेनने प्रत्येक ठिकाणी तो 'राउटर' करून ठेवला होता, आणि खाली दिनांक घालून सही.